दर्शनाआधीची घंटा

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, चहाचा घोट तोंडात असताना हा किस्सा ऐकणं धोक्याचं हाय! माझ्यासारखा शहाणा मिरजेत जाऊन काय दिवे लावून आला, ते सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल. आमच्या कारभारणीच्या पोटात गाठ झाली. कोरेगावचे डॉक्टर म्हणाले, मिरजेला न्या. नेली. तिला आपरेशनला आत घेतली आन दार बंद झालं. मी दारापुढंच येरझाऱ्या घालाय लागलो. नर्सबाई म्हणाली, "मामा, लय वेळ लागंल. जरा बाहेर फिरून या."

समोरच चिंचेखाली जुनं दगडी चर्च. आमच्या गावात ख्रिस्ती औषधालाबी न्हाई, म्हणून आत कधी पाऊल टाकलं न्हवतं. पण त्या वक्ताला देव कुणाचा, हे कोण बघतंय? वहाणा काढल्या आन शिरलो. आत चिटपाखरू न्हाई.

आता तुमीच सांगा, घंटा न वाजवता दर्शन घ्यायचं कसं? आपण आलोय हे देवाला कळाय नको? बघितलं तर दाराजवळ वरनं जाड दोर लोंबतोय. ओढला. आवाज न्हाई. आवं, उसाच्या गाडीची नाडं आवळणारा गडी मी! दोन्ही हातांनी दिला हिसका.

ठण्ण!

दोर वर गेला तो मलाबी घेऊन! सोडला, तर दाणकन खाली बसलो. वर घंटा आपली चालूच. ठण्ण... ठण्ण...

उठून हात जोडले. "देवा, एवढी वाचीव रं," म्हणतोय, तवर दारात माणसं गोळा! एका बाईच्या पदरात फुलं, डोळ्यांत पाणी. म्होरं पाद्रीबाबा.

"कधी गेले?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"सामुएल आजोबा!"

बाईनं हंबरडा फोडला, "कालच माझ्या हातची पेज पिले हो!"

मरण कुणाचंबी असो, आपण गप उभं राहणार व्हय? माझेबी डोळे भरले. शेजारच्या म्हाताऱ्याच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणलं, "लय भला माणूस व्हता."

तेवढ्यात काठी टेकत, धापा टाकत एक वाळकं म्हातारं आत आलं. "कोण गेलं रं?"

समदे गार! हेच सामुएल आजोबा!

"मग घंटा कुणी वाजवली?" पाद्रीबाबांनी विचारलं. समद्यांच्या नजरा फिरत फिरत माझ्यावर आल्या.

"म्या... दर्शनाच्या आदी वाजवत्यात न्हवं?"

"अहो पाहुणे, आमच्यात अशी अवेळी घंटा वाजते ती कुणी वारल्यावर!"

आता मार खातोय, असंच वाटलं. हात जोडून सांगितलं, कारभारणी समोर दवाखान्यात आपरेशनला आत हाय, तिच्यासाठी देवाकडं आलतो.

सामुएल आजोबांनी माझ्याकडं बघितलं, मग माणसांकडं. "माझ्यासाठी जमलाच हायसा," ते म्हणाले, "तर आता त्या लेकीसाठी गुडघे टेका."

पाद्रीबाबांनी तिचं नाव विचारलं. चारचौघांत बायकोचं नाव घेतलेला माणूस न्हवं मी. पण तिथं मोठ्यानं सांगितलं, "हौसा."

आन मंडळी, हौसेला कधी न बघितलेली ती माणसं तिचं नाव घेऊन देवाला विनवाय लागली. पेजवाली बाई तर आजोबांसाठी रडली तेवढीच माझ्या हौसेसाठी रडली. मीबी गुडघ्यावर. आमी तुळजाभवानीम्होरं मागतो तेच मागणं, त्याच काकुळतीनं. त्यांचे उपकार ह्या जन्मात फिटायचे न्हाईत.

गाठ निघाली. हौसा वाचली. बाईनं पदरातली फुलं तिच्या उशाशी ठेवाय दिली.

दुसऱ्या दिवशी ती चांगली शुद्धीवर आली. फुलं बघून खूश! "आवं, कुणी आणली?"

मीबी भोळा. समदं पहिल्यापासनं सांगितलं.

ती टाके धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मी आत टेबलावर जिती, आन तुमी बाहेर मयताची घंटा वाजवून, माणसं जमवून, फुलंबी तयार ठिवली? एवढी घाई झाली व्हती व्हय तुमाला?"