अकरा सेकंद

दुसऱ्यांदा मिळालेल्या उत्तरावर काडीचाही विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच, आणि पहिल्याच नोकरीत मला वरिष्ठ म्हणून नेमका तोच लाभला. शनिवार पेठेतले हे सर आमच्या कंपनीत डेटाबेसचा वेग तपासायचे. साठवलेल्या माहितीतून हवी ती नोंद किती झटकन निघते, एवढंच बघायचं; पण त्याआधी ते अख्खं मशीन बंद करून पुन्हा सुरू करत. एकदा काढलेली माहिती मशीन हाताशी जपून ठेवतं आणि पुन्हा विचारलं की तीच पुढे करतं. आम्ही त्याला कॅशे म्हणतो, सर म्हणत "पाठांतर". घरीदारीही तोच खाक्या. भाचीला गणितं घालताना पुस्तकातले आकडे हटकून बदलत. पोरगी रडायची, पण पास व्हायची. मंडईत "मटार ताजे आहेत का?" हे एका गाळ्यावर एकदाच विचारत. पुन्हा विचारलं तर माणूस मटाराकडे न बघताच "हो" म्हणतो, असा त्यांचा अनुभव.

मी तेव्हा लोणी काळभोरहून बसने यायची, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. काम एका रुग्णालयाचं होतं. रुग्ण दारात आला की त्याचा क्रमांक टाकायचा, आणि कोणतं औषध त्याला चालत नाही ते लगेच पडद्यावर यायला हवं. मी चाळीस वेळा तपासलं. दर वेळी पापणी लवायच्या आत उत्तर! मॅनेजर खूश, माझी नोकरी पक्की झाल्यातच जमा. तेवढ्यात सर खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

"चाळीस वेळा रुग्ण कोण होता?"

"एकच. क्रमांक एकशे एक."

"वा! एकच माणूस चाळीसदा आजारी पडला आणि तरी टिकला. दांडगी प्रकृती म्हणायची."

मशीन बंद झालं, सुरू झालं. सरांनी नवा क्रमांक टाकला आणि आम्ही बघत बसलो. अकरा सेकंद! अहो, अकरा सेकंद किती लांबलचक असतात ते मला त्या दिवशी कळलं.

"दारात येणारा माणूस मशीनला पहिल्यांदाच भेटतो गं," सर हळू आवाजात म्हणाले. "त्याची वेळ मोजायची. दुसऱ्यांदाचीही लिही, पण ती दुसऱ्यांदाची आहे असं लिही."

रडतरडत रिपोर्ट मागे घेतला. त्या नोंदींना अनुक्रमणिकाच नव्हती; नवा क्रमांक आला की मशीन पहिल्यापासून सगळ्या नोंदी चाळत बसायचं. ती करायला तीन दिवस सर माझ्याबरोबर बसले. मग नुकत्याच सुरू केलेल्या, काहीही पाठ नसलेल्या मशीनवरही अनोळखी रुग्णाचं उत्तर अर्ध्या सेकंदात आलं. मॅनेजरला ते एवढंच म्हणाले, "स्वतःचा आकडा हिने स्वतःच्याच हाताने खोडलाय. हिला ठेवा." असला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या महिन्यात सर निवृत्त झाले. शाल झाली, नारळ झाला, पेढे झाले. निघताना मी विचारलं, "सर, घरी करमेल ना?"

"न करमायला काय झालं!" पापणी लवायच्या आत उत्तर.

"हे पाठांतर झालं, सर. सकाळपासून सगळ्यांना हेच सांगताय. आता नव्याने सांगा."

सर हसले. मग चष्मा काढून पुसत बसले. मी मनातल्या मनात मोजत होते. अकरा कधीच होऊन गेले.

"नाही गं करमणार," सर म्हणाले.