भिंतीत नसलेली खिडकी

मला त्याचा हेवा वाटतो. बायको म्हणते असं कागदावर लिहू नये. पण शाळा चौथीत सोडली, त्यामुळे सजवून लिहायला मी शिकलोच नाही.

तो म्हणजे माझा जुना दोस्त, आता सिनेमाचा मोठा निर्माता. गोरेगावला मी सेट बांधणारा सुतार होतो आणि तो प्रॉडक्शनमध्ये पडेल ते काम करायचा. डबे वाटायचा, परवानग्या आणायचा, हिरोइनच्या आईला सावलीत खुर्ची द्यायचा. राहायला जागा नव्हती म्हणून दीड वर्ष माझ्या कांदिवलीच्या चाळीतल्या खोलीत झोपला. जेवताना म्हणायचा, "वहिनी, एक दिवस माझा सिनेमा येणार." मी हसायचो. तिथेच चुकलो.

पहिला सिनेमा त्याने चार मित्रांना धरून काढला, तोही माझ्याच खोलीत. अकरा दिवस बायकोने नणंदेकडे चूल मांडली. खोलीला खिडकी एकच, गॅलरीकडची. मागची भिंत शेजाऱ्याला लागून, आणि दिग्दर्शकाला तर मागूनच उजेड हवा. मी त्या भिंतीपुढे दीड हात जागा सोडून प्लायची दुसरी भिंत उभी केली, तिच्यात खिडकी बसवली आणि मागे दिवा ठेवला. घाईत खालची खिटी उलटी लागली. खाली चौकटीच्या भोकात जायला हवी, ती वरच सरकायची, कशात अडकायचीच नाही. खिडकी उघडायची नव्हतीच. एक खिळा ठोकला नि मोकळा झालो.

तो सिनेमा परदेशात फिरला, बक्षिसं घेऊन आला. मग मोठ्या स्टुडिओवाल्यांनी त्याला बोलावलं. अंधेरीत ऑफिस झालं, लोक सर म्हणायला लागले. मी गुडघे जाईपर्यंत फळ्याच कापल्या. माझा हात त्याच्या डोक्यापेक्षा कमी नव्हता, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

गेल्या वर्षी त्याचा फोन आला. "अरे, तोच सिनेमा परत करतोय, मोठा. तुझी खोली बांधलीय गोरेगावला. बघायला ये, गाडी पाठवतो."

बघायला. बांधायला कुणी बोलावलं नाही. गाडी परत पाठवली आणि रिक्षाने गेलो.

खोली हुबेहूब होती. कपबशांची फळी, दाराचा उडालेला रंग, सगळं. आणि मागच्या भिंतीत खिडकी, माझी. जुना सिनेमा बघून त्यांनी ती उलट्या खिटीसकट उतरवली होती, खिळा तेवढा सिनेमात दिसत नव्हता. काम माझ्यापेक्षा साफ होतं, ते जास्त झोंबलं.

तो नव्या हिरोइनला आणि दहा-बारा जणांना सांगत होता, "ह्याच खिडकीत बसून मी पहिली गोष्ट लिहिली. समोर पिंपळ होता." मग माझ्याकडे हात केला. "हा माझा दोस्त, ह्याची खोली." खोलीमालक म्हणून ओळख करून दिली. सुतार म्हणाला नाही. मला तेवढा एकच शब्द हवा होता.

शॉट लागला. पलीकडे उभ्या केलेल्या झाडाची पानं हलायला मोठा पंखा सोडला, आणि खिडकी धाडकन उघडली. लावली, परत उघडली. असं पाच वेळा झालं. दोन सुतार वरची बिजागरी तपासत बसले. मी चहा पीत होतो.

तो माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. "तुला माहितेय ना काय झालंय?"

"माहितेय."

"मग सांग ना रे. सगळे थांबलेत."

"आधी तू सांग. माझ्या खोलीत त्या भिंतीला खिडकी होती?"

"म्हणजे काय, होतीच. मी तिथे बसून सिगारेट ओढायचो."

"सिगारेट तू नळापाशी ओढायचास. तुझी वहिनी घरात ओढू द्यायची नाही. भिंतीपलीकडे शेजाऱ्याचं कपाट होतं, त्यात कुठला आलाय पिंपळ?"

त्याने त्या खिडकीकडे बघितलं. तोंड जरा उतरलं.

"नव्हती," तो म्हणाला.

"मग आली कुठून?"

"तू केलीस."

"मोठ्याने सांग. त्यांना सांग."

त्याने मागे वळून बघितलं. हिरोइन, कॅमेरावाले, स्टुडिओचे दोन साहेब, सगळे आमच्याकडेच बघत होते. तो उठला, पँट झटकली आणि सुतारांना म्हणाला, "खिळा मारा रे एक. पुढे चला."

मी कप खुर्चीखाली ठेवला आणि निघालो.

घरी बायकोने विचारलं, "काय म्हणाला?"

"खिडकी मी केली म्हणाला."

"मग झालं की. अजून काय हवंय तुम्हाला?"

"हळू म्हणाला," मी म्हणालो.