पाटकऱ्याचा अंगठा

माझ्या मेव्हण्याइतका दुसऱ्याच्या पायावर डोळा ठेवणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडायचा नाही. लोक माणसाच्या तोंडाकडं बघतात, हा पोटरीकडं बघतो. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. सगळी नोकरी कालव्यावर पाटकरी म्हणून गेली. दरवाजे फिरवायचे, ज्याच्या त्याच्या शेताला पाणी सोडायचं. उभं राहून राहून त्याच्या पायाच्या शिरा सुतळीसारख्या फुगल्या. परभणीच्या डॉक्टरनं समजावायला कागदावर शिरांचं चित्र काढून दिलं आणि तिथंच आमचा मेव्हणा वाया गेला. घड्यांवर फाटत आलेला तो कागद अजून खिशात असतो. कोणी ‘कसं काय’ विचारायची खोटी, हा कागद उलगडतो. ‘दाजी, काळीज म्हंजे धरण. ह्या शिरंतून रगत खाली सुटतं, ते सोपं हाय. पण ह्या दुसरीतून वर चढवायचं म्हंजे? आत झडपा हायत, अन् पोटरी ही मोटार. माणूस चालला की मोटार चालू. बसून राहिला की तुंबलं. तुंबलं की गुठळी.’

पालमहून येताना एसटीत त्यानं सगळ्या म्हाताऱ्यांना टाचा वरखाली करायला लावल्या. कंडक्टर म्हणाला, ‘काका, भजन हाय का काय?’ हा म्हणाला, ‘तुमीबी करा. दिवसभर उभे असता.’ गंगाखेड येईपर्यंत कंडक्टरसुद्धा दोरी धरून टाचा उचलत होता. सोनपेठला एका लग्नात तर यानं नवरीच्या आजोबाच्या नडगीवर अंगठा दाबला आणि पडलेला खळगा किती वेळात भरतो ते बघत बसला. पंगत खोळंबली. ‘खळगा भरंना, आबा. उद्या दवाखाना.’ म्हातारा शिव्या देत गेला, पण गेला. अजून जिवंत आहे. माझी तंबाखूही यानंच सोडवली, शिरा आकसतात म्हणून. चंची कालव्यात फेकली. बायको हसून म्हणायची, ‘माझ्या भावाला देवानं डोळे गुडघ्याखाली बघायलाच दिलेत.’ तिचं हसणं लय मोठं होतं. शेजारी विचारायचे, काय झालं म्हणून.

गेल्या साली ती अंगणात घसरली. पाय मोडला, दीड महिना प्लास्टरमध्ये खाटेवर पडून राहिली. प्लास्टर काढलं आणि तीच पोटरी सुजली, गरम लागायला लागली. पाय दुखला की तेल, एवढंच आमच्या घरात माहीत. करडईचं तेल लसूण घालून कढवलं आणि चोळायला बसलो. जन्मभर तिनं माझे पाय चोळले होते, माझी पाळी पहिल्यांदाच आली होती. तेवढ्यात मेव्हणा आला. पोटरीला उलटा हात लावला, अंगठा मात्र दाबला नाही. ‘दाजी, चोळू नका. एकच पाय सुजलाय, गरम हाय. गुठळी असंल. आत्ताच्या आत्ता परभणीला न्या.’

‘पाटकऱ्या, तुझं धरण तुझ्यापाशी ठेव,’ मी म्हणालो. ‘तिला बरं वाटायलंय.’

तीही म्हणाली, ‘उद्या जाऊ की रे.’

तो जीप आणायला गेला. तो येईपर्यंत मी अजून एक हात फिरवला. दारात जीप थांबली. ती लुगडं नीट करायला उठली, छातीला हात लावला आणि उंबऱ्याशीच बसली. ती परत उठली नाही. डॉक्टर म्हणाले, पायातली गुठळी सुटून फुफ्फुसात अडकली. कशानं सुटली, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मेव्हणा दर बाजारच्या दिवशी येतो, मला कालव्यापर्यंत चालवतो. तेलाचं अवाक्षर काढत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. परवा मीच विचारलं, ‘माझ्या हातानं सुटली का रं?’

ज्याच्यापाशी सगळ्या जगाच्या शिरांचं उत्तर असतं, त्यानं कागद काढला, बराच वेळ बघितला आणि परत घडी घातली. ‘ह्यात एवढं न्हाई, दाजी.’ मग कालव्याकडं बघत म्हणाला, ‘चोळताना आक्काला बरं वाटत हुतं का?’

‘हो. डोळे मिटून पडली होती.’

त्यानं मान हलवली. खाली वाकून माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा भरायला वेळ लागला. आम्ही दोघं त्याच्याकडं बघत बसलो.