सासूबाईंनी दोरी धरली

मैत्रिणींनो, आज आमच्या घरी जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत न्हाई.

निजामी राज्य गेलं. त्याच्या आधी वर्षभर आमी भीतीनं दिवस मावळायच्या आत दारं लावून बसायचो. आता मोकळ्यात बसायला मिळावं म्हणून सासऱ्यांनी घरापुढं ओसरी वाढवायचं ठरवलं. सकाळी किसन गवंडी आला आणि दोरी ताणून राखेनं जमीन आखू लागला.

"दहा-वीस माणूस बसलं पायजे," सासरे म्हणाले.

तेवढ्यात सासूबाई चुलीपासून उठून बाहेर आल्या. हाताला पीठ तसंच. सासऱ्यांपुढं त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"अन् आमी बायांनी कुठं बसावं? वर्षभर आमीबी कोंडूनच व्हतो की!"

गवंडी खाली बघून राहिला. मग सासरे हसले. "बराबर हाये. किसन, मागल्या अंगाला ओटा आख. केवढा, ते हिलाच इचार."

सासूबाईंनी दोरीचं टोक धरलं आणि चालत पार गोठ्यापर्यंत गेल्या! ओटा ओसरीहून मोठा निघाला.

मला तर हसू आवरेना. तुमच्या हाती दोरी आली, तर तुमी कुठवर न्याल?