चारी चाकं तापत होती

सन दोन हजार तेरा. मी अठ्ठावन्नचा होतो. दूध सोसायटीचा पिकअप गावात आला त्या दिवसापासून त्याचं स्टेअरिंग माझ्याच हातात होतं. शाळा दुसरीत सुटली. लोकांनी मला मान द्यावा अशी गावात त्या स्टेअरिंगमागची तेवढी एकच जागा होती.

त्या दुष्काळात दूध आटलं. पिकअपवर टाकी बांधली आणि मी वडवणीकडच्या एका विहिरीवरून चारा छावणीला आणि गावाला पाणी आणू लागलो. मग गाडीला खोड लागली. सकाळी मोकळी पळायची, थोडी वाट चालली की मागून कुणी धरल्यासारखी ओढायची. ब्रेकचं पायडल दगड व्हायचं. उभी राहून गार झाली की परत मोकळी.

सोसायटीचा चेअरमन माझ्याहून लहान. छावणीत सगळ्यांपुढं म्हणाला, "म्हातारबा ब्रेकवर पाय ठेवूनच झोपतोय. उद्यापासून गाडी माझ्या भाच्याकडं."

"आधी खोड काढतो, मग बोला," मी म्हणालो.

"काढ की. आजचा दिवस तुझा."

खेप घेऊन आलो तेव्हा गाडी ओढतच होती. चाकं किती तापली बघायला तोटीखाली ओंजळ धरली, तर घागर घेऊन उभी असलेली म्हातारी कडाडली, "आरं मुडद्या, आमी थेंबाला मरतोय आन् तू चाकाला आंघूळ घालतो व्हय?"

ओंजळ तिच्या घागरीत रिकामी केली आणि चाकावर थुंकलो. चुर्र झालं. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावरही तेच. एखाद्या चाकात दोष असता तर एकच तापलं असतं. चारी तापतात म्हणजे दोष वर, पायडलच्या बाजूला.

चाक जॅकवर उचललं, हलेना. ब्रेकची नळी पान्यानं सैल केली. चिळकांडी उडाली आणि चाक एका बोटानं फिरलं. तेल दाबून बसत होतं, माघारी जात नव्हतं. बोटावर घेऊन वास घेतला. ब्रेकचं तेल न्हवतंच ते, ट्रॅक्टरचं होतं. पायडलमागचा ब्रेकचा पंप खोलला तर त्या तेलानं आतली रबरं फुगून बसलेली.

सोसायटीच्या शेडात एक डबा असायचा. ज्याच्या घरी जे तेल उरेल ते त्याच्यात ओतायचं, ज्याला लागेल त्यानं न्यायचं. आमचा सहकार एवढाच काय तो खरा होता. मागं मी तापानं पडलो तेव्हा गाडी भाच्यानं नेलती. त्याला विचारलं.

"कमी दिसलं, टाकलं डब्यातलं. तेल ते तेल. त्यात काय एवढं?"

वडवणीहून नवी रबरं आणली, नळ्या धुतल्या, ब्रेकचं तेल भरलं, गाडी फिरवून आणली. चाकं गार.

चेअरमननं हात लावून बघितला. "सापडली ना खोड? लई चांगलं. आता भाचा बिनघोर चालवील."

रोज माझ्यासंगं चहा पिणारे चारजण तिथंच होते. सगळे खाली बघत राहिले. त्यांची जनावरं चेअरमनच्याच छावणीत होती. मी चावी काढून बोनेटवर ठेवली. मागायला लावली न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा पाण्याची खेप घेऊन आला. मी घागर खाली ठेवली, गाडीभोवती फिरलो, चारी चाकांना हात लावला. गार होती. मग घागर उचलली आणि रांगेत सगळ्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो.