अणदूरकडच्या पोरीची माळ

तामलवाडीजवळच्या आमच्या वस्तीत ख्रिस्ती घरं चारच, आणि माझे वडील त्यांचे धर्मशिक्षक. फादर महिन्यातून एकदा मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, करायला येत, बाकीच्या रविवारी प्रार्थना वडील घेत. मुलांना दहा आज्ञा शिकवताना ते ठासून सांगत, काही कृत्यं मुळातच वाईट असतात. हेतू कितीही चांगला असो, वेळ कितीही वाईट असो, ती करायचीच नाहीत. नासलेल्या दुधात साखर घातली म्हणून ते पिण्याजोगं होत नाही. खोटं बोलणं त्यातलंच. मी पहिल्यापासून तोंडाळ. विचारायची, चोरानं आई कुठं लपलीय असं विचारलं तर? ते म्हणत, गप्प बसायचं, गप्प बसण्यात पाप नाही.

माझी धाकटी बहीण पुण्यात नर्स होती. गेल्या वर्षी ड्यूटीवरून परतताना ट्रकनं तिच्या स्कूटीला उडवलं. आई तेव्हा हृदयाच्या झटक्यातून नुकतीच घरी आली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता हिला कसलाही धक्का सोसायचा नाही. म्हणून बहिणीला आम्ही परस्पर सोलापुरात मूठमाती दिली आणि तोंडं धुऊन घरी आलो.

आईनं पहिलं तेच विचारलं, पोरीचा फोन का आला नाही? मी दारात उभी होते. वडील गप्प बसले असते तर तिला सगळं कळलं असतं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांचं गप्प बसणं तिला पाठ होतं. ते म्हणाले, ती ट्रेनिंगला केरळात गेलीय, तिथं रेंज नाही. इतकं सफाईदार बोलले की मला त्यांचा रागच आला. जन्मात सवय नसलेल्या माणसाला हे जमलं कसं?

आमच्यात कुणी गेलं की नऊ संध्याकाळी जपमाळ म्हणतात. वस्तीत कुणाचीही माळ असो, ती सांगायला आई. या वेळी माळ मागच्या गल्लीत चुलत्यांच्या घरी ठेवली, हळू आवाजात. पण आईचे कान तिखट. पहिल्याच दिवशी तिनं खाटेवरून विचारलं, “अवं, कुनाची माळ चाललीय?”

“अणदूरकडची एक पोरगी गेली. त्यांच्या सोयऱ्यातली,” वडील म्हणाले.

“आई हाय का तिला?”

“हाय.”

आईनं उशीला टेकून बसवायला सांगितलं आणि स्वतःची माळ मागितली. रोज संध्याकाळी तिकडचे आवाज सुरू झाले की ही इकडं म्हणायची. शेवटी आपल्या शब्दांत जोडायची, “देवा, त्या माउलीला धीर दे. माझी लेक तेवढी सुखरूप ठेव.” वडील शेजारी बसून ‘आमेन’ म्हणायचे. मला ते ऐकवायचं नाही, मी चुलीपाशी जाऊन रडायची.

पुढं महिन्याभरात आई झोपेतच गेली. लेक कधी येणार, हे आदल्या दिवसापर्यंत विचारत होती. त्यानंतर वडिलांनी सगळं केलं, प्रार्थना घेतल्या, मुलांना शिकवलं, पण मिस्सेत मनात पाप न ठेवता घ्यायचा तो ख्रिस्तप्रसाद घेणं सोडलं. फादरांनी समजावलं की हे लहान पाप आहे, त्यानं प्रसाद अडत नाही. वडील ऐकून घेत आणि बाकावर बसून राहत.

मला ते बघवेना. एकदा भाकरी वाढता वाढता मी भडकले. म्हटलं, तुमच्यामुळं ती सुखानं गेली, आता देवाला आणखी काय पाहिजे?

“सुखानं गेली, खरं हाय,” ते म्हणाले. “पर पोटच्या पोरीसाठी रडायचा हक तिचा हुता. त्यो म्या काढून घेतला. परक्याची म्हनून तिनं आपल्याच पोरीची माळ म्हटली.”

“मग फादरांना हेच सांगा, माफी मागा.”

“सांगितलं. पर माफी मागायची तर पुन्हा असं करनार न्हाय, असं म्हनावं लागतं. त्ये म्हनवत न्हाय मला. ती आत्ता इथं बसून इचारल, तर म्या पुन्हा केरळच सांगन.”

त्यांनी ताटातली भाकरी अर्धी मोडून परत दिली.

पुढच्या मिस्सेला प्रसादासाठी रांग लागली. मला बाकातून बाहेर पडता यावं म्हणून वडिलांनी पाय आत घेतले, आणि मी त्यांच्या पुढून एकटीच गेले.