गाडीलेही ऊन लागते

जगातल्या झाडून सगळ्या बिघाडांचं मूळ ऊन असतं, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. नागपुरात मे महिना काढणाऱ्याचं असं मत होणं मी समजू शकतो. पण मामा ते डिसेंबरातही सोडत नाहीत. मोबाइल अडला की पाच मिनिटं माठाला टेकवायचा. भिंतीवरचं घड्याळ मागं पडलं की त्यावर ओला पंचा. लू लागू नये म्हणून खिशात कांदा आपण सगळेच ठेवतो, मामा एक गाडीच्या खणातही ठेवतात. "तुमाले लू लागते, अन् तिले लागत नाही?" असं त्यांनी मला विचारलं होतं. मी आपला माझ्या खिशातला कांदा चाचपला.

घराणं मूळ उमरेडचं, विणकरांचं. मामा स्वतः मागावर कधी बसले नाहीत, सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले. पण वडील तुटलेला धागा आवाजावरून ओळखत, म्हणून इंजिनही आवाजावरूनच ओळखायचं हा त्यांचा हट्ट. बॉनेट उघडून, डोळे मिटून, मान कलती करून ते असे उभे राहतात की येणारेजाणारे चपला काढायचे तेवढे बाकी ठेवतात.

यंदाच्या मे महिन्यात त्यांच्या गाडीत स्टिअरिंगमागं तो पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र असलेला, काय झालंय ते न सांगता नुसता जळत राहणारा. पाहिला मी, आणि बोलूनही गेलो मीच. मामांचा चेहरा पडला, कारण रविवारी पुण्याहून त्यांचा मुलगा येणार होता. "बाबा, चौऱ्याहत्तर झाले, आता गाडी विका," असं तो वर्षभर म्हणत होता, आणि "गाडी एकदम फिट आहे" एवढ्या एका वाक्यावर मामांनी त्याला थोपवून धरलं होतं. दिवा दिसला की ते वाक्य संपणार. मग मामा दिवसभर दोन खोल्यांत अडकणार आणि मामींच्या पायात घुटमळणार. मला त्या माणसाची फार दया आली.

चार दिवस आम्ही त्या दिव्याच्या मागं लागलो. मामांनी इंजिन ऐकलं; आवाज ठणठणीत निघाला. शेजाऱ्यांनी पेट्रोलवर संशय घेतला, ते बदललं. दूधवाल्यानं बॅटरीची वायर रातभर काढून ठेवायला सांगितली. सकाळी दिवा गेला, आणि आम्ही चौकापर्यंत पोचेतो परत आला. आजारी गाडी आहे की नुसता दिवा, हेच मला कळेना. "त्याच्यावर माझी एक टिकली लावून टाका ना," मामी म्हणाल्या. शनिवारी सकाळपर्यंत मलाही तो उपाय बरा वाटू लागला होता.

शेवटी जरीपटका भागातल्या एका मेकॅनिककडं गेलो. त्यानं गाडीला यंत्र जोडलं, मोबाइलमध्ये पाहिलं आणि म्हणाला, "साब, गाडी को हवा बराबर नहीं मिल रही." मग त्यानं एअर फिल्टरचा डबा उघडला. आतून ओल्या वाळ्याचा बोळा निघाला, कूलरच्या ताटीत असतो तो. मेकॅनिकनं बोळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मीच ठेवला," मामा शांतपणे म्हणाले. "रोज सकाळी पाणी शिंपडतो. आपण कूलरची हवा खाऊन राहिलो, तिनं काहून गरम हवा खावी?"

मेकॅनिकनं बोळा उचलून स्टुलावर ठेवला. नंतर त्यानं सेन्सर साफ केला, नवा फिल्टर घातला, यंत्रावरून दोष पुसला आणि गाडी चालू केली. दिवा विझला.

"विझला बघा, मामा," मी म्हणालो.

मामा स्टिअरिंगवर वाकले. खूप वेळ पाहत राहिले. "कुठी होता?"

मी हसलो. मग मला दिसलं की ते थट्टा करत नव्हते. मी बोटानं जागा दाखवली. ते माझ्या बोटाकडं पाहत राहिले. "तुमी म्हणले म्हणून मी मानला, जावई," म्हणाले, आणि किल्ली माझ्या हातात दिली.

रविवारी मुलानं गाडी चालू करून पाहिली. "फिट आहे, बाबा," तो जरा ओशाळून म्हणाला. मामा जिंकले होते. मी काही सांगणार नव्हतो, त्यांनी फक्त हो म्हणायचं होतं. पण ते म्हणाले, "गाडी फिटच आहे गा. मले दिसून नाही राहिलं."

मुलानं हातातला कप खाली ठेवला. मामी चहाचे कप गोळा करत म्हणाल्या, "मले माहीत होतं. म्हणून तर मी बाजूले बसून सारं सांगत जायची." गाय आली, सायकल आली, असं त्यांचं गाडीत अखंड चाले, आणि मी इतकी वर्षं त्याला स्वभाव समजत होतो.

गाडी विकली नाही. डॉक्टर एका डोळ्याची आशा देतात, दुसऱ्याबद्दल बोलत नाहीत. महिन्यातून एकदा मीच दोघांना रामटेकला नेतो. मामी मागं बसतात, पण सवय गेलेली नाही. "गाय आहे हो समोर," त्या म्हणतात. "पाहिली," मामा म्हणतात. मला गाय केव्हाच दिसलेली असते, पण मी मध्ये बोलत नाही.